ताणात न बसलेलं अंडं

मित्रांनो, मी एक जुना चिनी मातीचा गोळा आहे. तपकिरी, चकचकीत, मुठीत जेमतेम मावेल एवढा. वायरमन लोक मला 'अंडं' म्हणतात. कोंबडीनं काही मला घातलेलं नाही. मी भट्टीत भाजून निघालो आणि अंगात आरपार दोन भोकं आणि तार बसायला खाचा घेऊन निघालो. ती भोकं शोभेची नाहीत. विजेचा खांब कलू नये म्हणून त्याच्या वरच्या टोकापासून जमिनीपर्यंत एक तिरपी तार ओढून रोवतात, तिला ताण म्हणतात. त्या ताणाच्या मध्यावर मला ओवायचं असतं. वर काही बिघडून ताणात वीज उतरली, तर मी तिला तिथंच अडवायचं. खाली माणसं वावरतात, गुरं वावरतात. एवढंच माझं काम, आणि ते मी एक दिवसही केलं नाही.

चौऱ्याण्णव साली वरंधच्या वर, डोंगरावरच्या एका वाडीत वीज आली. ठेकेदाराची माणसं खांब उभे करत होती. गोदूबाईच्या गोठ्याजवळच्या खांबाशी पोचेपर्यंत मुकादमाला परतीची घाई झाली. त्यानं ताणाची तार अखंडच ओढली, खाली आवळून टाकली, आणि मी गवतात पडून राहिलो. "राहू दे, कोण बघतंय," तो म्हणाला. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

थोड्या वेळानं गोदूबाई ताकाचा हंडा घेऊन आली. डोंगर चढून आलेल्याला ताक पाजल्याशिवाय ती सोडत नसे. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर तिची नजर माझ्यावर गेली.

"ह्यो गोटा लागतोय का रे तुम्हाला?"

"नाय मावशे, घेऊन जा," मुकादम म्हणाला.

तिनं मला पदरानं पुसलं आणि घरी नेऊन दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणीवर ठेवलं. मांजराला मग झाकणी हलवता येईना. "माझा राखणदार हाय गो ह्यो," ती सुनेला, नूतनला, कौतुकानं सांगायची. खरं सांगतो, मी सुखावलो. सात वर्षं मी मांजर अडवत बसलो. दारातून मला तो ताण दिसायचा. गोदूबाई आपली म्हैस चांदी तिथंच बांधायची. वाडीत सगळेच ताणाला गुरं बांधत. एवढी मजबूत तार, आयता खुंटा, कोण सोडतो?

दोन हजार एकच्या भादव्यात पाऊस चार दिवस हटला नव्हता. खांबाच्या टोकावर चालू तारेला लोखंडापासून अलग ठेवणारी चिनी माती तडकली, ती तार लोखंडाला टेकली आणि वीज ताणातून सरळ खाली आली. भर दुपारी चांदी एकदाच ओरडली आणि कोसळली. गोदूबाई तिचं दावं सोडायला धावली. नूतन दारातून किंचाळली, "आत्या, हात नका लावू!" पण तोवर गोदूबाईचा ओला हात ताणाला लागला होता. ती चांदीशेजारीच कोसळली, ती पुन्हा उठली नाही. झाकणीवर बसून मी ते सगळं पाहिलं. तारेवरची माझी रिकामी जागाही मला तिथून दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी विजेची माणसं आली, जुना ताण कापून घेऊन गेली आणि नवा बसवून गेली. त्याच्या मध्यावर नवं कोरं अंडं होतं. गोदूबाईचा नवरा भैरू त्याच्याकडे किती तरी वेळ बघत उभा राहिला. मग घरात आला, झाकणीवर मी दिसलो, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही वस्तू कुणी बघितली तर तिलाच चोर ठरवतील," तो नूतनला म्हणाला. त्यानं मला भाताच्या कणगीत खोल पुरलं. तिथल्या काळोखात मला रोज धारेच्या वेळी चांदीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. चांदी तर उरलीच नव्हती.

महिन्याभरानं सरकारी विद्युत निरीक्षक चौकशीला आले. अंगणातलं बोलणं कणगीत ऐकू येत होतं. वीज कचेरीतले लाइनचे साहेब म्हणत होते, "ताणाला म्हैस बांधली, चूक त्या बाईचीच. जुन्या ताणात अंडं होतं. तेसुद्धा इथल्याच कुणीतरी काढून नेलं असणार."

भातात हात शिरला. भैरूनं मला बाहेर काढलं आणि निरीक्षकांपुढे धरलं. "माझ्या बायकोनं चोरलं नाय, साहेब. मागून घेतलंन."

"बघा! हेच ते. ताणातून काढलेलं," साहेब उसळले.

"हेच? नक्की?" निरीक्षकांनी विचारलं. "लिहून घेतो." लिहून झाल्यावर त्यांनी मला उन्हात धरलं आणि माझ्या खाचांतून सावकाश नख फिरवलं. "सात वर्षं तारेनं आवळलेल्या अंड्यावर तारेचे वळ असतात. ह्याच्यावर एक ओरखडा नाही. हे कधी बसवलंच नव्हतं."



पुढं कोर्टात तीन वर्षं गेली. विजेपासून लोकांना जपण्याची जबाबदारी वीज आणणाऱ्याची, म्हैस बांधणाऱ्या बाईची नव्हे, असा निकाल लागला. गोदूबाईवरचा ठपका पुसला गेला. वाडीत माझी वाहवा झाली, अंड्यानं साक्ष दिली म्हणून. मला मात्र माझ्या त्या कोऱ्या अंगाची लाज वाटत होती.

कोर्टातून परत आल्यापासून मी भैरूच्या उशाशी असतो. धारेच्या वेळी तो मला हातात घेतो, रिकाम्या खाचेवरून अंगठा फिरवतो आणि नूतनला एकच विचारतो, "तिनं मागितलं नसतं, तर लावलं असतं का गो त्यांनी?" नूतनला ते ठाऊक नाही. ती खाली मान घालून चुलीत लाकूड सारते.

मित्रांनो, तुमच्या घराजवळ ताण असेल तर त्याला हात लावू नका, गुरं बांधू नका, कपडे वाळत घालू नका. लांबूनच मान वर करून बघा, मध्यावर अंडं आहे का. नसेल तर घरच्यांना सांगा, वीज कचेरीत लेखी कळवायला लावा. आणि कधी या डोंगरावर आलात, तर माझा एक निरोप भैरूला द्या. मला तोंड नाही. त्याला म्हणावं, गोदूबाई ताक घेऊन आली, तेव्हा तार आवळून झाली होती.