बाईंचे शंभर शेअर

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सहावी ब ने आपल्या अर्थशास्त्राच्या बाईंना कायम करायला नकार दिला. ठराव बहुमताने मंजूर झाला.

असं काहीही झालेलं नाही. वर्गाच्या नोंदवहीत त्या तासापुढे 'तास सुरळीत' एवढंच लिहिलंय, आणि ते खुद्द बाईंनीच लिहिल्यामुळे शंकेला जागाच नाही.

तर, काहीच झालं नाही ते असं.

बाई तीन वर्षं तात्पुरत्या होत्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दर वर्षी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू हं." यंदा मात्र त्यांनी चक्क वार सांगितला. शुक्रवारी तास बघायचा, पटला तर तिथल्या तिथे नेमणुकीच्या पत्रावर सही. तेवढ्यावर बाईंच्या आईनं सगळ्या नात्यागोत्यात 'लेक कायम झाली' असं कळवूनही टाकलं होतं.

मुलांना पैशाचा व्यवहार कळावा म्हणून बाईंनी वर्गात चिठ्ठ्यांचं चलन काढलं. गृहपाठ केला की एक चिठ्ठी. चिठ्ठी दिली की खिडकीजवळची जागा, किंवा फळा पुसण्यातून सुटका. घरी बसून कुणी छापू नयेत म्हणून त्यांनी कार्यालयातून शाळेचा गोल शिक्का मागून आणला आणि प्रत्येक चिठ्ठीवर रीतसर उठवला.

मंगळवारी शेअरचा धडा आला. उदाहरणाला कंपनी हवी होती.

"समजा, मीच एक कंपनी आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःचे शंभर शेअर काढले, तोच शिक्का मारून. एका शेअरला एक चिठ्ठी. दहा मिनिटांत सगळे खपले. बाईंना इतका आनंद झाला की आपल्यासाठी एखादा ठेवावा हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिला सगळे खोडरबर म्हणतात, कारण ती खोडरबर भाड्याने देते. भाड्याच्या चिठ्ठ्या साठवून तिनं गुरुवारपर्यंत गुपचूप शेअरची खरेदी केली. जांभईने, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलाने, तर आपले सहाही शेअर खिडकीजवळच्या एका डुलकीवर तिला देऊन टाकले.

शुक्रवारी मोठ्या बाई मागे येऊन बसल्या. बाईंनी तोंड उघडायच्या आत खोडरबर उभी राहिली.

"बाई, आधी सभा."

"कसली सभा गं?"

"भागधारकांची. माझ्याकडे त्रेपन्न आहेत."

"वा!" मागून मोठ्या बाई पुटपुटल्या. बाईंना सही जवळ आल्यासारखी वाटली. "घे की, घे!" त्या खोडरबरला म्हणाल्या.

"विषय पहिला. बाईंना कायम करावं का?"

बाई खडूने फळा पुसायला लागल्या.

"हे... हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मधल्या सुट्टीत आईशी फोनवर बोलत होतात, मोठ्यानं."

"अगं, पण—"

"बाई, शेअर नसलेल्यांनी सभेत बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं.

"बाई चांगल्या आहेत, वादच नाही," खोडरबर वर्गाकडे वळली. "पण कायमचा खर्च अंगावर घेताना दहादा विचार करा, असं कोण म्हणतं? बाईच. तात्पुरत्या आहेत म्हणून त्या घरून तक्ते रंगवून आणतात. भूगोलाचे सर कायम आहेत. ते काय आणतात?"

वर्ग विचारात पडला.

"डबा," जांभई म्हणाला.

त्रेपन्न विरुद्ध सत्तेचाळीस. सत्तेचाळिसातल्या दोघी रडत होत्या.

"मोठ्या बाई, सांगा ना यांना! खेळ आहे हा!" बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी एक शेअर मागवून घेतला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"शिक्का आपलाच आहे," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांत या शिक्क्याखालचा एकही कागद मी फिरवलेला नाही."

"अहो, पण मी माणूस आहे!"

"तसं यावर कुठे लिहिलंय?"

बाईंनी पाहिलं. कुठेच लिहिलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी नेमणुकीचं पत्र घडी घालून पुढील कार्यवाहीसाठी खोडरबरच्या हाती दिलं. "तास मात्र उत्तम झाला हं. धडा इतका पचलेला वर्ग मी बघितला नव्हता."

दुपारी आईचा फोन आला. "मग? झालीस ना कायम?"

"नाही गं आई," बाई म्हणाल्या. "बहुमत नव्हतं."

मग शिक्षककक्षात बसून त्यांनी शाळेच्या कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला:

प्रति,
अध्यक्षा, भागधारक मंडळ,
सहावी ब, बाक तिसरे.

विषय: एक शेअर मिळणेबाबत.

महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, अर्जदार ही सदर कंपनी स्वतःच असल्याकारणाने, तिला तिच्यातील किमान एक शेअर चालू बाजारभावाने विकत देण्यात यावा, जेणेकरून पुढील सभेत तिला स्वतःविषयी दोन शब्द बोलता येतील.