कपिलीच्या कानामागे

रिठद गावच्या पारावर ही मोठी झुंबड उडाली होती. मधोमध प्रयागबाईची गावरान गाय कपिली निवांत रवंथ करत उभी होती. तिचा कान वर करून भभूतवाले महाराज सांगत होते, "पाहा, हाय का एक तरी गोचीड? चिमूटभर भभूत, बस!" मग त्यांनी शेजारच्या रेणूच्या संकरित गाईला राख चोळली. टम्म फुगलेल्या दोन-चार गोचिड्या खाली पडल्या आणि गावाचे हात जोडले गेले. फवारणीचं औषध म्हणजे विष, असं महाराज म्हणाले. लोकांनी ते लगेच सोडलं.

धार काढताना प्रयागबाईचा हात रोज कासेभोवती फिरायचा. कपिलीला गोचिड्या कधी टिकल्याच नव्हत्या, महाराजांचं नावही गावाला माहीत नव्हतं तेव्हापासून. पण बाया गाईच्या पाया पडत होत्या आणि महाराज तिला 'पुण्यवान माय' म्हणत होते. प्रयागबाईला ते गोड लागलं. ती गप्प बसली.

काही दिवसांतच रेणूची गाय तापाने फणफणली आणि मेली. श्रद्धा कमी पडली, असं म्हणून महाराजांनी हात झटकले. आता तिच्या कालवडीनेही चारा सोडला, तेव्हा रेणू प्रयागबाईच्या दारात आली.

"मावशी, तुमच्या गाईले भभूत लागू पडली. माह्यं काय चुकलं?"

प्रयागबाई म्हणाली, "तुह्यं नाही, माह्यं चुकलं. कपिलीले पहिलेपासूनच गोचिड्या नव्हत्या. मले मालूम होतं, अन् मी बोलली नाही."

प्रयागबाईने रेणूसमोरच गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी आधी कालवडीला गोचिडीमुळे येणाऱ्या तापाचं इंजेक्शन दिलं. मग भभूत न लावलेली एक संकरित गाय रात्रभर पोत्यावर बांधायला लावली. सकाळी पोत्यावर तशाच फुगलेल्या गोचिड्या पडलेल्या होत्या. रक्त पिऊन पोट भरलं की गोचीड आपोआप गळते आणि गोठ्याच्या फटीत अंडी घालते, असं त्यांनी सांगितलं. गावरान गाईची कातडी गोचिडीला सहसा टिकू देत नाही. संकरित गाईत तो गुण कमी, म्हणून तिला औषध आणि गोठ्याची सफाई लागतेच. हे ऐकायला महाराज थांबले नव्हते.

पारावर प्रयागबाई उभी राहिली. "कोणी चमत्कार दाखवला की पहिले विचारा, गाय आधी कशी होती. अन् ज्याले मालूम हाय त्यानं माह्यासारखं गप्प राहू नये."

कालवड वाचली. रेणू तिला पाण्यावर नेताना रोज प्रयागबाईच्या दारावरून जाते. अजून थांबत नाही.