अमावस्येला माझी पूजा होते

मी बॅटरी बोलतेय. डिंभ्याच्या धरणातल्या एका लाँचमध्ये, इंजिनाशेजारच्या लाकडी पेटीत माझी जागा. मी जरा बिघडले की लोक आधी पाना शोधतात, माझं ऐकत कुणीच नाही. आज पाना खाली ठेवा आणि ऐका.

कारखान्याचं सांगून उपयोग नाही, तिथं माझ्यासारख्या हजारो होत्या. पोटात शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यावर ॲसिड, डोक्यावर दोन बोंडं. एक अधिक, एक उणे. एवढं सोपं अंग, तरी माणसं चुकतात. घोडेगावच्या दुकानातून आणताना गोकुळनं मला जीपमध्ये आडवी टाकली. ॲसिड गळलं, त्याच्याच पँटीला भोक पडलं, आणि शिव्या मात्र मला. त्या दिवसापासून मी कुणावर विश्वास ठेवत नाही.

लाँच चिमाबाईची. पलीकडच्या वाडीतली माणसं, तांदळाची पोती, शेळ्या, सगळं तिच्याच लाँचनं येतं-जातं. सुकाणू तिचा दीर गोकुळ धरतो. सकाळी त्यानं सेल्फ मारला की इंजिन फिरवून द्यायचं, हे माझं काम. मग दिवसभर इंजिन मला भरत राहतं.

भरताना माझ्यातून वायू सुटतो. तो पेट घेणारा असतो. गोकुळला आणि चिमाबाईला हे दुकानदारानं सांगितलंय, तरी गोकुळ माझ्याच पेटीवर बसून बिडी ओढतो. आणि चिमाबाई? ती तर दर अमावस्येला पेटी उघडायची. ओलं हळदकुंकू माझ्या दोन्ही बोंडांना लावायची, नारळ फोडून त्याचं पाणी माझ्यावर शिंपडायची, आणि पेटती उदबत्ती पेटीच्या फटीत खोचायची. उदबत्ती विझेपर्यंत मी जीव मुठीत धरून बसायची. ही बाई मला जपतेय की जाळायला बघतेय, हे मला चार वर्षं कळलं नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी गोकुळनं सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. काठावर माणसं खोळंबली होती.

"वैनी, बॅटरी बसली. लई दिवस सांगतोय मी," गोकुळ म्हणाला.

घोडेगावाहून सुनील मेकॅनिक आला. येताना तो नवी बॅटरी घेऊनच आला. न बघताच. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. त्यानं मीटरच्या दोन काड्या वायरींच्या टोप्यांवर टेकवल्या, त्या टोप्या माझ्या बोंडांवर बसवलेल्या असतात. गोकुळनं सेल्फ मारला.

"बाराच्या जागी सात व्होल्ट दाखवतंय. मेली ही. जाताना मी भंगारात घालतो."

म्हणजे माझं एवढंच आयुष्य. पट्ट्या फोडणार, शिसं वितळवणार. आणि माझ्या पोटात तर जोर होता, तो मला कळत होता. सांगणार कुणाला?

चिमाबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली. "सुनीलभाऊ, बगायच्या आदीच नवी आनलीस व्हय?"

"मावशी, तुमचाच खोळंबा वाचावा म्हणून."

तिनं उणेच्या टोपीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "तापलीया ही. मेलेल्याला ताप येतो का कुटं? मीटर टोपीवर नको, खालच्या बोंडावर लाव. गोकुळ, मार सेल्फ."

सुनीलनं नाइलाजानं काड्या बोंडांवर टेकवल्या. आकडा आला बारा.

"बोंडावर बारा, टोपीवर सात," चिमाबाई म्हणाली. चौथीपर्यंत शिकली आहे, वजाबाकी तिला येते. "मदले पाच कुनी खाल्ले?"

तिनं आधी गोकुळकडं बघितलं.

"माज्याकडं काय बगती वैनी? मी काय व्होल्ट खातो व्हय?"

सुनीलनं पाना अधिकच्या बोंडाला लावला. उणेची वायर इंजिनाच्या लोखंडाला जोडलेली असते. पान्याचं दुसरं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकलं असतं, तर असा जाळ उडाला असता की नाव काढायची सोय नाही.

"आदी उणेची काढ," चिमाबाई म्हणाली.

"कंचीबी काढली तर चालतं मावशी."

"माज्या लाँचमदी न्हाई चालत. दे इकडं."

तिनं हातातल्या पितळी पाटल्या काढून पदराला बांधल्या. गोकुळची बिडी पाण्यात टाकायला लावली. वारा फिरावा म्हणून पेटीचं झाकण उघडंच ठेवलं. उणेची टोपी सोडवली, मग अधिकची.

आत पांढरी-हिरवी बुरशी दाटली होती. ती तिनं काडीनं खरवडली, आणि खाली निघालं लाल. कुंकू. चार वर्षांच्या अमावस्यांचं, नारळाच्या पाण्याबरोबर आत झिरपून, वाळून घट्ट झालेलं, बोंड आणि टोपीच्या मधोमध.

 मग गोकुळनं हळूच विचारलं, "वैनी, आता कुनाकडं बगायचं?"

"सोडा आन घरातला," ती म्हणाली. "आन् त्वांड मिट."

सोडा माझ्या पोटात जाऊ नये म्हणून ॲसिडच्या भोकांची झाकणं घट्ट आहेत ना ते तिनं पाहिलं. तोंड बाजूला धरून सोड्याचं पाणी बोंडांवर टाकलं. फेस आला, तो तिनं पुसला, सगळं कोरडं केलं. आधी अधिकची टोपी आवळली, उणेची शेवटी. वरून व्हॅसलीन लावलं. सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्या फटक्यात धडधडलं. सुनील नवी बॅटरी जशी आणली तशी परत घेऊन गेला. निघताना माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही.

परवा अमावस्या झाली. चिमाबाई ताट घेऊन आली, तशी मी आक्रसले. तिनं नारळ लाँचच्या पुढच्या टोकावर, नाळेवर फोडला, पाणी धरणात सोडलं. उदबत्तीही तिथंच, वाऱ्यात खोचली. कुंकवाचं बोट पेटीच्या बंद झाकणाला टेकवलं. मग बोटं पुसून झाकण उघडलं आणि कोरड्या फडक्यानं मला स्वच्छ पुसलं. मला बरं वाटलं. पण विश्वास म्हणाल तर अजून नाही. काल गोकुळ पेटीवर बसला तेव्हा त्याच्या खिशात काडेपेटी खुळखुळली. मी ऐकलंय.

तुमच्याकडं माझी एखादी बहीण असेल, ट्रॅक्टरात नाहीतर जीपमध्ये. ती मेली असं म्हणायच्या आधी मीटर दोन्ही जागी लावून बघा. सांगणारा येताना नवी घेऊन आला असेल, तर त्याच्याकडंही नीट बघा. आणि मग एकदा आपल्या बोटांकडं बघा. कुंकू तिथंच लागलेलं असेल.