दाराच्या दोन चित्रांचं भांडण

मित्रांनो, मी एक जुना पडताळणी प्रोग्राम आहे आणि आज माझा नुसता संताप झाला आहे.

लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्याची चित्रं काढतात. कोणता भाग कोणाला हुकूम देतो, कशानंतर काय घडतं, ते सारं त्या चित्रांत असतं. एक चित्र दुसऱ्याच्या विरुद्ध बोललं की तिथे लाल रेघ ओढायची, एवढंच माझं काम. खरं कोण, ते मला कळत नाही. ते माणसांनी एकमेकांना विचारायचं.

मला वहिनींनी घडवलं. घरच्याच छोट्या कंपनीत त्या आणि त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, ही चित्रं काढतात. सुरुवातीला माझं केवढं कौतुक! "हा आहे म्हणून मला शांत झोप लागते," वहिनी म्हणायच्या. एखादा विरोध लगेच मिटणारा नसला, तर शेजारी कारण लिहून तो तसाच उघडा ठेवायचा, हेही त्यांनीच शिकवलं. पुढे कामं वाढली, घाई वाढली आणि भाऊजींनी माझं नाव ठेवलं 'किरकिऱ्या'.

मग रुग्णालयाच्या लिफ्टचं काम आलं. वहिनींच्या चित्रात, मध्ये काही आलं की मिटणारं दार परत उघडत होतं. भाऊजींच्या चित्रात ते एकदा मिटू लागलं की थांबतच नव्हतं. मी जीव तोडून लाल रेघ ओढली.

वहिनी बाहेर गेल्या होत्या. "लागला परत रडायला!" म्हणत भाऊजींनी काय करावं? वहिनींचं चित्र बदलून सरळ आपल्यासारखं करून टाकलं! दोन्ही चित्रं एकच बोलू लागली आणि मला हिरवं दाखवावं लागलं. अहो, दोन साक्षीदारांना एकच वाक्य पढवलं म्हणून ते देवाच्या दारी खरं ठरतं का?

त्याच चित्रांवरून मागच्या खोलीतलं चाचणीचं दार चालू झालं. भाऊजींच्या आई वॉकर टेकत आल्या. "बघू तरी, दिवसभर काय उद्योग करता ते." वॉकर आत सरकला, दार मिटू लागलं आणि थांबलंच नाही. नुकत्याच परतलेल्या वहिनींनी धावत जाऊन सासूबाईंना मागे ओढलं. वॉकरचा पाय पार चेपला.

"पण... हिरवं होतं ना!" भाऊजी पांढरे पडले.

"चुलीत घाल तुझं हिरवं!" आई कडाडल्या. "माझा पाय असता म्हणजे रे?"

वहिनींनी आपलं जुनं चित्र परत आणलं. मी पुन्हा लाल झालो.

"भाऊजी, दार थांबू नये असं का काढलंत?"

"आग लागली तर धुरालाच अडथळा समजून दार उघडं राहील, वहिनी. म्हणून."

"अहो, मग बोलायचं ना माझ्याशी! आगीच्या वेळचं वेगळं, रोजचं वेगळं. दोन्ही काढायला हवं."

ऐकलंत? दोघांचंही काहीतरी बरोबर होतं. माझी रेघ नेमकं हेच विचारा म्हणत होती आणि तिलाच गप्प केलं!

आता लिफ्ट सोपवायचा दिवस पुढे गेला आहे. रुग्णालयातल्या माणसांशी बोलून होईपर्यंत रेघ राहणार आहे. मित्रांनो, मला हवी ती नावं ठेवा. पण दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील, तर एकाचं म्हणणं पुसून शांतता आणू नका. थांबा, विचारा. त्या दारातून कोणाची तरी आई जाणार असते.