मागच्या दाराची कडी

कारखान्यात त्याला सगळे गवंड्याचा ओळंबा म्हणत, कारण तिरकं काही त्याला खपत नसे. वाकलेली दांडी तो सपाट लोखंडी पाटावर लोटून द्यायचा. ती लंगडत गेली की तिच्याखालून उजेडाची फट डोकावायची, मग ती फट तो प्रेसखाली हळूहळू मिटवायचा. दिवसभर असा उजेड पाहून संध्याकाळी त्याचे डोळे अर्धे स्वप्नातच असत. रस्त्यातले खांबसुद्धा त्याला पाण्यात उभे असल्यासारखे डुलताना दिसत.

त्या संध्याकाळी घरी येताच मागच्या दाराची कडी त्याच्या डोळ्यांत खुपली. टोकाला चांगली वर वाकलेली! वडिलांचा जन्म त्याच प्रेसवर दांड्या सरळ करण्यात गेला, आणि ते जाईपर्यंत घरची कडी मात्र अशीच? त्याने ती काढली, पायरीवर ठेवून ठोकली आणि सुतासारखी सरळ करून परत बसवली.

आता ती कोयंड्यात जाईना.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "दार कधीचं खाली उतरलंय. कडी सरळच होती, बाबांनी मुद्दाम वाकवली."

"मग दारच नीट करायचं ना!"

"म्हणाले, थकलंय बिचारं, त्याला कशाला छळायचं."

न लागलेल्या दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आईच्या पायांपर्यंत आली होती. तो कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसला. मग त्याने कडी पुन्हा काढली आणि हातोडी उचलली, पण सरळ केलेलं वाकवायला हात काही चालेना.

"होईल रे," आई म्हणाली. "त्यांनाही पहिल्यांदा जमलं नव्हतं."