पाण्यानंतर उरलेल्या तीन पायऱ्या

मी एक जुना सिमेंटचा जिना आहे. जिना म्हणजे तरी काय, तीनच पायऱ्या. मित्रांनो, बरीच वर्षं माझ्या वरच्या टोकाला घराचं दार नव्हतं. चढून आलं की समोर नुसतं गवत आणि आभाळ.

न्यू ऑर्लिन्स शहरात, कालव्याच्या भिंतीपलीकडच्या आमच्या गल्लीत मला अल्सीद रोशोंने घडवलं. तो गवंडी होता. लग्न ठरलं त्या वर्षी त्याने ओडीलसाठी घर बांधलं आणि शेवटी मला ओतलं. घाईत माझी तिसरी पायरी एक बोट उंच झाली. ओडील पहिल्याच दिवशी तिथे अडखळली.

"एवढा मोठा गवंडी आणि तीनपर्यंत मोजता येत नाही?" ती म्हणाली.

"पाय उचलून चाल की जरा," तो म्हणाला.

त्यानंतर गल्लीतलं प्रत्येक माणूस तिसऱ्या पायरीला पाय जरा जास्त उचलू लागलं. जो अडखळला तो परका, हे न सांगता कळायचं.

दर शनिवारी ओडील लाल विटेची भुकटी करून मला घासायची. आमच्याकडे दारातली पायरी लाल असली की घर जागं आहे असं समजतात. संध्याकाळी ती मधल्या पायरीवर बसायची, अल्सीद खालच्या. तेच माझे चांगले दिवस.

मग वादळ आलं, भिंत फुटली आणि घर पाण्याबरोबर निघून गेलं. मी जड होतो, म्हणून राहिलो. ती दोघं ह्यूस्टनला गेली. वर्ष सरायच्या आत अल्सीद एकटाच परतला. ओडील तिकडेच वारली होती. तो खालच्या पायरीवर बसला, मग उठून वीट शोधू लागला. पडक्या घरांच्या त्या गल्लीत विटांना तोटा नव्हता.

तेव्हा शहर नव्याने बांधायचा नकाशा निघाला होता. पाणी तळ्याकडच्या गोऱ्यांच्या वस्तीतही पुरुषभर चढलं होतं, पण नकाशात त्यांच्या घरांवर काही खूण नव्हती. आमच्या काळ्यांच्या गल्लीवर हिरवं वर्तुळ होतं. इथे बाग होणार होती. बावीस घरांपैकी निम्म्या घरांच्या मालकांनी किंवा वारसांनी 'आम्ही परत येतो' अशी सही मुदतीत दिली, तरच गल्ली राहणार होती.

नकाशा घेऊन एक अधिकारी आला, माझ्यावर चढला आणि तिसऱ्या पायरीला अडखळला.

"आजोबा, इथे तर कुणीच राहत नाही."

"मग मी कोण बसलोय?"

"घर कुठंय तुमचं?"

"गेलंय फिरायला. येईल."

शेजारची अर्नेस्टीन जवळच उभी होती. ती म्हणाली, "पाण्याने गोरा-काळा बघितला नाही हो साहेब. तुमच्या पेन्सिलीने बरोबर बघितला."

अधिकारी घाम पुसत म्हणाला, "बाई, मी फक्त नकाशा आणलाय."

अल्सीदने सह्यांची वही माझ्या मधल्या पायरीवर ठेवली. लोक ह्यूस्टनहून, अटलांटाहून येत, सही करत, आपल्या घराच्या जागी थोडा वेळ उभे राहत आणि परत जात. दहा घरं झाली. अकरावं मिळेना.

मुदतीच्या आठवड्यात नगरसेवक डेलरॉय फोंटनो आला. तो याच गल्लीत वाढलेला, आमच्यातलाच. बरोबर फोटो काढणारा होता. डेलरॉयने चढताना तिसऱ्या पायरीला पाय आपोआप उचलला. अल्सीदने ते पाहिलं आणि वही पुढे केली.

"तुझ्या आईच्या घराची सही राहिलीय, बाळा."

"काका, आपली माणसं गावोगाव पांगलीत. यंदा मला तळ्याकडची मतं लागतात. जरा समजून घ्या."

अर्नेस्टीन म्हणाली, "सोमवार आला की ओडीलचा राजमा-भात खायला याच पायरीवर बसायचास ना रे? तेव्हा तळ्याकडे जेवायला का नाही गेलास?"

तो हसला, फोटो काढून घेतला आणि गेला. वहीतली अकरावी ओळ कोरीच राहिली.

अर्नेस्टीनने ह्यूस्टनला त्याच्या बहिणीला, व्हर्लीनला, फोन केला. आईच्या घरावर तिचाही हक्क होता. मुदतीच्या दिवशी ती रात्रभर बसने प्रवास करून सकाळी उतरली. पाय सुजले होते.

"कुठे करायची सही?" तिने विचारलं. सही झाल्यावर म्हणाली, "डेलरॉयला सांगा, आईने त्यालाही इथेच वाढवलं होतं."

गल्ली वाचली. निवडणुकीच्या पत्रकावर डेलरॉयचा माझ्यावर उभा असलेला फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'ही गल्ली मी वाचवली.' अल्सीदने तो कागद घडी घालून गुडघ्याखाली ठेवला आणि मला घासायला बसला.

तीन वर्षांनी चर्चच्या लोकांनी घर बांधून दिलं. पण नव्या नियमाप्रमाणे ते उंच खांबांवर बांधलं. दाराला चौदा लाकडी पायऱ्या लागल्या. मी दारापर्यंत पोहोचत नव्हतो. ठेकेदार म्हणाला, "हा सिमेंटचा तुकडा फोडून टाकतो."

"त्याला हात लावू नको," अल्सीद म्हणाला.

चौदा पायऱ्या त्याच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. तो झोपण्यापुरता वर जातो. बाकीचा दिवस माझ्या खालच्या पायरीवर काढतो. परवा अर्नेस्टीन दमून मधल्या पायरीवर बसायला लागली.

"तिथे नको. वर बस," तो म्हणाला.

ती वर जाऊन बसली.

मित्रांनो, मी थकलो आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि शनिवारी वीट फिरवणारा हात आता खालच्या पायरीपुरताच पुरतो. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणीतरी नकाशे काढेल. तेव्हा एखाद्या जागी घर दिसलं नाही, तर वर्तुळ काढण्याआधी खाली वाकून पायरी बघा. ती कुणी घासत असेल, तर त्या जागेला रिकामी म्हणू नका.