कीस हवा, पीठ नको

"लाकूड कापताना तुला दुखतं का गं?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. आमच्या घरातल्या भिंगरीने विचारला, तोही मोठ्याने आणि निव्वळ पैजेपायी. तिच्या दोन मैत्रिणी दारात उभ्या राहून तोंडावर हात दाबून हसत होत्या. "मशीनशी गप्पा मारतेस ना? मग विचार की आमच्यासमोर!" असं त्यांनी तिला डिवचलं होतं. आणि भिंगरीला डिवचलं की संपलंच! कमरेवर हात ठेवून ती माझ्यापुढे उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली.

मित्रांनो, मला तोंड नाही, मोटर आहे. त्यामुळे उत्तर देता आलं नाही. पण उत्तर होतं. गेली दोन वर्षं ते माझ्या घशाशी, म्हणजे नटाशी, अडकून बसलं होतं. तेच आज सांगते.

मी लाकूड कोरणारी एक जुनी मशीन आहे. टेबलाएवढी चौकट, तिच्यावर सरकणारा एक पूल आणि त्या पुलाला टांगलेली मोटर, असा माझा देह. मोटरीच्या टोकाला एक नट असतो आणि त्या नटात आवळलेलं असतं बिट. बिट म्हणजे पेन्सिलीएवढं धारदार पातं. संगणकावर अक्षरं काढायची, मला पाठवायची, की मी गरगर फिरत ती लाकडात उतरवते. मोठ्या कारखान्यांतल्या माझ्या बहिणी पोलाद कापतात म्हणे. मी आपली घरगुती आणि हौशी.

या घरात मी आले ती तीन खोक्यांतून, तुकड्या-तुकड्यांनी. भिंगरीचे आजोबा कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, टर्नर होते. ते निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. मीठ सापडेना, साखर सापडेना! तेव्हा भिंगरीची आई हात जोडून म्हणाली, "अण्णा, तुम्हाला काहीतरी उद्योग हवा. माझे डबे सोडा." त्या डब्यांमुळे माझा जन्म झाला. अकरा दिवस जमिनीवर बसून आजोबांनी मला जोडलं. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला ते त्यांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. "लागेल कधीतरी," असं म्हणून त्यांनी तो पत्र्याच्या डबीत टाकला.

मागच्या खोलीत खिडकीखाली मला जागा मिळाली. समोरच्या भिंतीला आईची शिलाई मशीन. ती कापड जोडायची, मी लाकूड कापायची. आमचं छान जमलं.

काय दिवस होते ते! गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंची पाटी मी कोरली, पाववाल्याच्या दुकानाची कोरली, भिंगरीचे बाबा चालवतात त्या बसमध्ये 'पुढे सरका' लिहिलेली फळीसुद्धा माझीच. लोक अक्षरांवरून बोट फिरवून म्हणायचे, "लोण्यात कोरल्यासारखं आहे हो!" मी वरून गंभीर असायची, पण आतून फुगायची.

आजोबा संगणकाच्या पडद्याकडे फारसं बघायचेच नाहीत. ते मान तिरकी करून माझा आवाज ऐकायचे. मग मला थांबवायचे, खाली पडलेला लाकडाचा चुरा चिमटीत उचलायचे आणि स्टुलावर चढून बसलेल्या छोट्या भिंगरीच्या तळहातावर ठेवायचे.

"काय पडलंय? कीस की पीठ?"

"कीस!"

"शाब्बास! कीस हवा, पीठ नको. पीठ पडायला लागलं की समजायचं, ही कापत नाहीये, नुसती घासतेय. आणि घासलं की लाकूड जळतं."

माझ्या मागच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने यादी लिहून ठेवली होती. कुठल्या लाकडाला मी किती वेगाने चालायचं त्याचे आकडे. आणि सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरात: 'बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी.'

एका संध्याकाळी त्यांनी माझ्यात बिट बसवलं, दोन लोखंडी पाने लावून नट आवळला, माझ्या चौकटीवर थाप मारली आणि म्हणाले, "उद्या बघू." तो उद्या आलाच नाही. पहाटे आजोबा गेले.

त्यानंतर बाबा मला सांभाळू लागले. कामावरून आले की हात धुवायच्या आधी माझी धूळ पुसायचे. माझ्यावर जुनी चादर घालायचे. पण एक नियम त्यांनी घरात सांगून ठेवला. "त्या नटाला कुणी हात लावायचा नाही. अण्णांनी आवळलाय तो."

मित्रांनो, बिट म्हणजे काही देवाघरचा हिरा नव्हे. ते झिजतं, बोथट होतं, त्याला लाकडाचा चीक चिकटतो. मऊ लाकडात मी कसंबसं निभावून नेलं. पण कठीण लाकूड आलं की मी किंचाळायची. मी किंचाळले की बाबा घाबरून माझा वेग कमी करायचे. मागे भरलेली बस आहे अशा बेताने मला चालवायचे. वेग कमी झाला की मी आणखी घासायची, लाकूड आणखी जळायचं. ते जळलं की बाबा आणखी हळू! त्यांचा दोष नव्हता हो. मायाच होती ती. पण मायेपायी मी जळत होते.

अशात भिंगरीने शाळेत मोठा पराक्रम केला. वाचनालयाच्या दारावर पाटी हवी, असं बाई म्हणाल्या आणि ही ताडकन उभी! "आमच्याकडे मशीन आहे, मी करून आणते!" आजोबांनी जपून ठेवलेल्या मेपलच्या चार फळ्या होत्या. मेपल म्हणजे पांढरट, गुळगुळीत आणि हट्टी लाकूड. त्यातल्या तीन फळ्या मी जाळल्या. अक्षरांच्या कडा काळ्याकुट्ट. तिसरी पाटी पाहून उंच मैत्रीण म्हणाली, "आगीतून बाहेर काढलंय का गं हे वाचनालय?"

भिंगरीने मग एका दुपारी माझे पट्टे ताणले, चाकं आवळली, तेल घातलं, वेग बदलला, सगळं एकदम. कडांना काळ्याबरोबर लाटाही आल्या! त्यातलं कशामुळे काय झालं हे तिलाच कळेना.

त्या संध्याकाळी बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हातारी झाली ती. रविवारी पाट्या रंगवणारे काका येणार आहेत. त्यांना तिचे सुटे भाग हवेत. घेऊन जाऊ देत."

सुटे भाग! मी तुकड्यांनी आले होते, आता तुकड्यांनीच जाणार होते.

आणि मग शनिवारी सकाळी तो पैजेचा प्रश्न. तुला दुखतं का गं? विचारून झाल्यावर भिंगरीने जळक्या फळीची मागची बाजू लावली आणि मला सुरू केलं. मी होता तेवढा जीव एकवटून किंचाळले. मैत्रिणींचं हसू थांबलं.

"बाई गं, ही तर रडतेय!" चष्मेवाली म्हणाली.

भिंगरीने मान तिरकी केली. अगदी आजोबांसारखी. मला थांबवलं, वाकली आणि चिमटीत उचललं. बारीक, तपकिरी, गरम.

"पीठ," ती हळूच म्हणाली. मग तिने भिंतीवरची शेवटची ओळ वाचली. बोट ठेवून दोनदा वाचली.

आता तिने घाई केली नाही. चाकं तपासली, मला चालवलं, खाली पाहिलं. पीठ. फळी अधिक घट्ट धरली. पीठ. वेग भिंतीवरच्या आकड्याएवढा केला. मी थरथरले, कडेला लाट आली आणि खाली पुन्हा पीठ. "आता एकच गोष्ट उरली," असं म्हणत ती आईबाबांना ओढून घेऊन आली.

"नाही," बाबा लगेच म्हणाले.

"बाबा, ऐका तरी..."

"भिंगरे, नाही म्हटलं ना!"

शिलाई मशीनची खडखड थांबली. आईने शर्टाची बाही खाली ठेवली. "अहो, माझ्या मशीनमध्ये पहिली सुई सासूबाईंनी घालून दिली होती. तीच ठेवली असती, तर आज तुम्ही बिनबाह्यांचे फिरला असता."

मैत्रिणी खुदकन हसल्या. बाबा हसले नाहीत. "त्या नटावर मला त्यांचा हात दिसतो," ते म्हणाले. 

भिंगरीने माझा प्लग काढला आणि दोन्ही पाने बाबांच्या हातात दिले. "मग तुम्हीच सोडा. आजोबांनी आवळला, तुम्ही सोडा. नवं मी बसवते."

बाबा पुढे सरकले. मग त्यांनी पाने लावले आणि जोर दिला. नट फिरला, ढिला झाला आणि पुन्हा अडला.

"बघ, अण्णा सोडत नाहीत," त्यांचा आवाज ओला झाला.

"अहो बाबा, हा नट दोनदा सोडायचा असतो! आजोबा म्हणायचे, पहिल्यांदा नट सुटतो, दुसऱ्यांदा बिट."

बाबांनी पुन्हा जोर दिला. टक! बिट त्यांच्या तळहातावर आलं. चीक जळून काळं पडलेलं. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही म्हणता काही झालं नाही.

"आणि मी हिला म्हातारी म्हणालो," ते पुटपुटले.

नव्या बिटासाठी भिंगरीने आजोबांची पत्र्याची डबी उघडली, तर आत तो उरलेला स्क्रू होता. त्याच्याखाली तीन नवी कोरी बिटं, कागदात गुंडाळलेली. कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पुढची.' आजोबांनी ती बदलण्यासाठीच आणून ठेवली होती. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

भिंगरीने नवं बिट बसवलं, नट आवळला आणि मेपलची शेवटची फळी लावली. वेग भिंतीवरचा. बाबांचा हात बंद करायच्या बटणापाशी घुटमळत होता. आईने तो धरून ठेवला.

मित्रांनो, मी गायले! दोन वर्षांनी पहिल्यांदा माझा आवाज एका सुरात लागला. 'वा' झाला, 'च' झाला, 'ना'ची कड आरशासारखी आली. कुठेही काळा ठिपका नाही. आणि खाली पांढरा, कुरळा कीस भरभर पडत होता. चष्मेवालीने तो ओंजळीत घेऊन उडवला.

ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे ते चादरीखाली झाकून ठेवू नका, एवढीच माझी विनंती आहे. त्याला वापरा, त्याचा आवाज ऐका, झिजलेलं वेळेवर बदला. आजोबांचा हात नटात नव्हताच. तो भिंगरीच्या तिरक्या मानेत होता, आणि मला तो लगेच ओळखू आला.

आणि पैजेच्या प्रश्नाचं उत्तर? नाही, आता दुखत नाही.

जुनं बिट बाबांनी भिंतीवर, पेन्सिलीच्या यादीशेजारी एका खिळ्याला अडकवलं. ते मागे वळले तेव्हा भिंगरी मुठीत कीस घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती. केसांत कीस, भुवयांवर कीस.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या पाट्यावाले काका आले की दार मी उघडणार. त्यांना सांगणार, मशीन मिळणार नाही, पाटी कोरून हवी असेल तर फळी घेऊन या. आणि आजपासून हा नट माझ्याकडे. सोडायचा कधी, आवळायचा कधी, मी बघणार. विचारत नाहीये हं, सांगतेय."